पॉवरहाऊस पॅरामॅटाला न्यायचं की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीच्या अल्टिमो भागातलं पॉवरहाऊस संग्रहालय तिथून उठवून पश्चिम सिडनीतल्या पॅरामॅटाला न्यायचं, अशी घोषणा न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारने २०१४ च्या अखेरीस केली. त्यानंतर सरकारचे प्रमुख बदलले, आराखडे बदलले, निर्णयही फिरला, पण वाद काही विझला नाही. आज ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या माणसाला हे प्रकरण अर्ध्यावरून बघायला घेतलेल्या मालिकेसारखं वाटतं. कोण कुणावर का चिडलंय तेच कळत नाही. म्हणून हा प्रश्नोत्तरांचा खटाटोप.

आधीच सांगून ठेवतो, लिहिणारा तटस्थ नाही. पश्चिम सिडनीला मोठं संग्रहालय मिळायला हवं होतं आणि त्यासाठी अल्टिमोचं मोडायची काही गरज नव्हती, असं माझं मत आहे.

हे संग्रहालय आहे तरी कशाचं?

विज्ञान, तंत्रज्ञान, उद्योग, कारागिरी, पेहराव, घरगुती वापराच्या वस्तू, म्हणजे माणसाने हाताने आणि यंत्राने जे जे घडवलं त्याचं. संग्रहात पाच लाखांहून जास्त वस्तू आहेत. कायद्यातलं नाव ‘म्युझियम ऑफ अप्लाइड आर्ट्स अँड सायन्सेस’, पण ते कागदोपत्री. लोक पॉवरहाऊसच म्हणतात.

मूळ १८७९ च्या सिडनी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात आहे. ‘गार्डन पॅलेस’ नावाच्या अवाढव्य इमारतीत ते प्रदर्शन भरलं होतं आणि तिथल्याच निवडक वस्तूंमधून संग्रहालय उभं राहायचं होतं. २२ सप्टेंबर १८८२ ला गार्डन पॅलेस जळून खाक झाला आणि संग्रहही गेला. पुन्हा शून्यापासून जमवाजमव करावी लागली. काही वर्षं दुसऱ्याच्या छपराखाली काढून १८९३ मध्ये संग्रहालय अल्टिमोतल्या हॅरिस स्ट्रीटवर हक्काच्या जागेत आलं.

मग ते आधीही हललंच होतं की! आता हलवलं तर काय बिघडलं?

स्थलांतराच्या बाजूचे लोक हे हमखास विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. पण आधीची हलवाहलव छप्पर नव्हतं म्हणून झाली. घर मिळावं म्हणून फिरणं वेगळं आणि राहतं घर विकायला काढणं वेगळं.

‘पॉवरहाऊस’ हे नाव कुठून आलं?

इमारतीवरून. संग्रहालय पुढे ज्या इमारतीत गेलं, ते खरोखरचं वीजघर होतं. १८९९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातून सिडनीच्या ट्रामना वीज जायची. १९६१ मध्ये ट्राम बंद पडल्या, १९६३ मध्ये वीजघरही थंडावलं आणि पुढे बरीच वर्षं ते ओसाड पडून होतं. तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्रीच म्हणा, नेव्हिल रॅन यांच्या पुढाकाराने त्याचं संग्रहालय करायचं ठरलं. शेजारी कमानदार छताची नवी इमारत जोडून मार्च १९८८ मध्ये ते लोकांना खुलं झालं.

पुढच्या सगळ्या वादाची मेख इथे आहे. वाफेवर चालणारी यंत्रं जिथे मांडली, ती जागाच मुळात बॉयलर आणि टर्बाइनची. संग्रहालयात वाफेच्या नळ्या फिरवून काही जुनी इंजिनं प्रत्यक्ष चालवून दाखवली जात. काचेमागचं मुकं लोखंड बघणं आणि फुसफुसत फिरणारं चाक बघणं यातला फरक मुलांना बरोबर कळतो. मोठ्यांना मात्र तो अहवालात लिहून द्यावा लागतो.

हलवायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली?

ज्याचं नाव घ्यावं असा एकच जनक नाही. सरकारच्या पायाभूत सुविधांच्या धोरणात ती २०१४ मध्ये आली आणि तेव्हाचे प्रीमियर माइक बेअर्ड यांनी ती उचलून धरली. हिशेब वरवर सोपा होता. अल्टिमो शहराच्या मध्याला चिकटलेलं, जमिनीला सोन्याचा भाव. ती विकायची, आलेल्या पैशात पॅरामॅटाला नवं संग्रहालय बांधायचं, वर पश्चिम सिडनीला सांस्कृतिक न्याय दिल्याचं श्रेयही घ्यायचं. एका दगडात दोन नव्हे, तीन पक्षी.

लोकांना खटकली ती जमीनविक्री. नवं संग्रहालय काढतोय, एवढंच सरकार म्हणालं असतं तर बहुधा टाळ्या पडल्या असत्या.

पॅरामॅटा म्हणजे सिडनीच ना? ‘दुसरं शहर’ कशाला म्हणायचं?

नकाशावर बघितलं तर ते महानगरातच आहे, शहराच्या मध्यापासून साधारण २४ किलोमीटर पश्चिमेला. पण तिथल्या माणसाला ‘सिडनीचं उपनगर’ म्हणालात तर तो तुमच्याकडे कसा बघेल ते सांगता येत नाही. नोव्हेंबर १७८८ मध्ये, म्हणजे सिडनीत इंग्रजांचा तळ पडला त्याच वर्षी, इथे वस्ती झाली. स्वतंत्र नगरपालिका आहे, स्वतःचा व्यापारी मध्य आहे, स्वतःचा रग्बी लीगचा संघ आहे. संघाचं नाव ‘ईल्स’, म्हणजे वाम मासे. मूळच्या धारुग लोकांच्या भाषेतल्या बुर्रामट्टा या नावाचा संबंध नदीतल्या वाम माशांशी लावतात, त्यावरून. नदी आणि पाणी ध्यानात ठेवा, ते पुढे येणार आहे.

संग्रहातलं ‘लोकोमोटिव्ह नंबर १’ हे इंजिन १८५४ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात बनलं. वसाहतीतल्या पहिल्या रेल्वेसाठी जी मोजकी इंजिनं आणली, त्यांतलं हे एक. आणि १८५५ मध्ये सुरू झालेली ती पहिली प्रवासी रेल्वे धावली सिडनीहून पॅरामॅटाच्याच दिशेने. दोन्ही शहरं ज्याच्यावर हक्क सांगू शकतील अशी ही वस्तू. भांडणात मात्र तिची साक्ष दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने काढली.

पश्चिमेच्या लोकांची तक्रार खरी होती का?

होती, आणि आजही आहे. संग्रहालय वाचवायला निघालेल्या काहींनी हा भाग सोयीस्कर विसरला, म्हणून जरा ठासून सांगतो.

पश्चिम सिडनीत वीस लाखांहून जास्त लोक राहतात. डेलॉइट या सल्लागार कंपनीने २०१५ मध्ये केलेल्या अहवालाप्रमाणे दर दहा ऑस्ट्रेलियन माणसांपैकी एक इथला. पण केंद्र सरकारच्या कला-निधीतला जेमतेम १ टक्का आणि राज्याच्या निधीतला सुमारे साडेपाच टक्के वाटा या भागाला मिळत होता. ऑपेरा हाऊस, राज्याचं कलादालन, ऑस्ट्रेलियन म्युझियम, समकालीन कलेचं संग्रहालय, सगळं बंदराच्या अवतीभवती. पश्चिमेतल्या घरातून मुलांना यातलं काही दाखवायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम. कर सगळ्यांनी भरायचा आणि पंगत एकाच आळीत उठायची, असा हा प्रकार.

त्यामुळे ‘पॉवरहाऊस आम्हाला द्या’ म्हणणारे लोक संस्कृतीचे शत्रू नव्हते. त्यांना जे हवं होतं ते अगदी साधं होतं. प्रश्न एवढाच की सरकारने ते देताना दुसऱ्याच्या ताटातलं उचलून यांच्या वाटीत का घालावं? आणि पश्चिमेतही सगळे खूश नव्हतेच. आम्हाला आमचं, आमच्या गोष्टी सांगणारं संग्रहालय द्या, शहराने नको म्हटलेलं पाठवू नका, असं म्हणणारे पॅरामॅटातच पुष्कळ निघाले.

विरोध करणारे म्हणजे मध्य सिडनीतले सुखवस्तू, असं ऐकलंय. खरं का?

काही होतेच, नाही कशाला म्हणायचं? पण विरोधात संग्रहालयाचे जुने कर्मचारी होते, देणगीदार होते, अभियंते होते, आगगाडीचे वेडे होते. पॉवरहाऊस ज्यांनी घडवलं ते संस्थापक संचालक लिंडसे शार्प यांनीही उघडपणे विरोध केला. राज्याच्या विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाने संग्रहालयांच्या कारभाराची चौकशी लावली. ती २०१६ ला सुरू झाली आणि अंतिम अहवाल २०१९ मध्ये आला. त्या सुनावण्यांमध्ये कंटाळा येईपर्यंत एकच गोष्ट पुढे येत राहिली: निर्णय आधी झाला, त्याची कारणं मागाहून गोळा केली गेली.

वस्तू ट्रकमध्ये भरायच्या आणि न्यायच्या. त्यात एवढं अवघड काय?

बोल्टन आणि वॉटचं इंजिन घ्या. १७८५ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड दारूभट्टीत ते बसवलं आणि तिथे ते १०२ वर्षं राबलं. वाफेच्या जोरावर चाक फिरवणारी जी इंजिनं जगात शिल्लक आहेत, त्यांत सर्वांत जुनं हेच. जेम्स वॉटच्या बहुतेक महत्त्वाच्या युक्त्या यात एकत्र बघायला मिळतात: चाकाला गती देणारी दात्यांची जोडणी, दट्ट्याची दांडी सरळ रेषेत ठेवणारी रचना, वेग आवरणारा नियंत्रक. सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट ते बघायला भट्टीत आले होते. भट्टीने ते काढलं तेव्हा सिडनीच्या संग्रहालयाने मागून घेतलं आणि १८८८ मध्ये ते बोटीने इथे आलं.

आता असं इंजिन सुटं करायचं म्हणजे काय? ओतीव लोखंड ठिसूळ असतं. अडीचशे वर्षांचे जोड, काही गंजलेले, काही आधीच्या दुरुस्तीत नव्याने बसवलेले. प्रत्येक भाग सोडवण्याआधी त्याची नोंद, फोटो, मापं, कुठे तडा आहे का याची तपासणी. मग त्याच्या आकाराची पेटी. मग धक्के न बसता वाहतूक. मग जिथे न्यायचं तिथली जमीन एवढा भार पेलेल का याचा हिशेब. आणि जोडताना एखादा खिळा उरला, तर तो कुठला हे सांगणारा कारागीर तेव्हा नोकरीत असायला हवा.

कॅटलिना विमानाची गंमत आणखी निराळी. ‘फ्रिगेट बर्ड २’ या उडत्या बोटीतून पी. जी. टेलर यांनी १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाहून चिलीपर्यंत दक्षिण प्रशांत महासागर ओलांडला. पंखांचा पल्ला जवळजवळ ३२ मीटर. हे धूड अल्टिमोत छताला टांगलेलं होतं. ते उतरवायचं तर आधी खालचं दालन रिकामं करायला हवं.

आणि हे झाले नुसते दांडगे पाहुणे. काच, कापड, प्लास्टिक, जुन्या फिल्म, कागद यांच्या अडचणी आणखी वेगळ्या. जुनं प्लास्टिक हलवताना तर आपल्या डोळ्यांदेखत तुटतं. लाखभर वस्तू हलवल्या की काही मोडणारच, असं या धंद्यातले लोक खासगीत मान्य करतात. ती जोखीम घ्यायला लागावी असं कारण असलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

खर्च किती होता, आणि जमीन विकून तो भागणार होता का?

पॅरामॅटाच्या इमारतीचा अंदाज ९१.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. नदीकाठची जागाच सरकारने पॅरामॅटा नगरपालिकेकडून सुमारे १४ कोटी डॉलरना घेतली. ‘अल्टिमो विकून भागेल’ ही मूळची मांडणी आकड्यांच्या पहिल्या फेरीतच लंगडी पडली होती. २०१८ मध्ये तर अल्टिमोत नाट्यगृह आणि फॅशन-डिझाइनचं छोटं संग्रहालय ठेवू, असा मधला मार्ग पुढे आला. तो ना धड इकडचा, ना तिकडचा.

नदीकाठी जागा? मग पुराचं काय?

फेब्रुवारी २०२० च्या पावसात पॅरामॅटा नदी काठ सोडून नियोजित जागेपर्यंत आली आणि त्याचे फोटो सगळीकडे फिरले. मौल्यवान संग्रहासाठी पूररेषेतली जागा निवडली, यापेक्षा सोपा मुद्दा विरोधकांना कुठे मिळणार होता?

वास्तुकारांचं उत्तर असं की मुख्य मजला उंचावर आहे आणि पाणी इमारतीखालच्या मोकळ्या भागातून वाहून जाईल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते चालण्यासारखं आहे. पण पूर आला की दालनात पाणी शिरतं का, एवढाच प्रश्न नसतो. वाटा बंद होतात, वीज जाते, हवेतला दमटपणा आवरत नाही. याची उत्तरं आराखड्याच्या चित्रात दिसत नाहीत.

‘विलो ग्रोव्ह’चं काय प्रकरण आहे?

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत दुखरा भाग हाच.

पॅरामॅटात जिथे नवं संग्रहालय यायचं होतं, तिथेच विलो ग्रोव्ह नावाचं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं टुमदार घर होतं. लोखंडी नक्षीचा व्हरांडा, समोर बाग. विसाव्या शतकात तिथे प्रसूतिगृह चाललं, त्यामुळे पॅरामॅटातल्या कित्येक जुन्या घराण्यांतल्या माणसांचा जन्म तिथला. डिसेंबर २०१९ मध्ये मोरो कुसुनोकी आणि जेन्टन या वास्तुकारांचा आराखडा निवडला गेला. त्यात या घराला जागाच नव्हती.

म्हणजे बघा, वारसा जपणारी संस्था नव्या शहरात आणायची आणि तिला जागा करून देण्यासाठी त्या शहराचा वारसा पाडायचा. स्थानिक रहिवासी संघटना न्यायालयात गेली. २०२१ मध्ये जमीन आणि पर्यावरण न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. त्याच वर्षी घर विटेविटेने उतरवलं गेलं, दुसरीकडे पुन्हा उभारू या आश्वासनावर. शेजारची जुनी घरांची ओळ, सेंट जॉर्जेस टेरेस, तेवढी राखली गेली.

त्या वेळी ‘ग्रीन बॅन’ लावला होता म्हणतात. तो काय असतो?

बांधकाम कामगारांच्या संघटनेने एखादी इमारत पाडायला किंवा हिरवी जागा बुजवायला नकार देणं. हे अस्सल सिडनीचं शस्त्र आहे. १९७१ मध्ये हंटर्स हिलमधली केलीज बुश ही रानझाडी वाचवायला तिथल्या तेरा बायका उभ्या राहिल्या. जॅक मंडी ज्यांचे नेते होते, त्या बांधकाम मजुरांच्या संघटनेने कामाला हात लावायचा नाही असं ठरवलं. पहिली ग्रीन बॅन ती. पुढे सिडनीचा रॉक्स हा जुना भागही असाच वाचला. विलो ग्रोव्हसाठीही २०२० मध्ये संघटनेने बंदी जाहीर केली, पण या वेळी ती पुरली नाही.

पण सरकारने निर्णय मागे घेतला ना?

अर्धा. जुलै २०२० मध्ये प्रीमियर ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांच्या सरकारने जाहीर केलं की अल्टिमो बंद होणार नाही, आणि पॅरामॅटाचं कामही थांबणार नाही. एकाची दोन झाली. कोविडच्या काळात बांधकामाच्या नोकऱ्या हव्या होत्या, तेही कारण पुढे केलं गेलं. सहा वर्षं ‘दोन्ही परवडणार नाहीत’ म्हणणाऱ्यांना एका सकाळी दोन्ही परवडू लागली.

मग वाद मिटला?

छे. आता भांडण ‘जायचं की राहायचं’ यावरून ‘राहणार ते काय म्हणून राहणार’ यावर आलं. अल्टिमोच्या नूतनीकरणासाठी आधीच्या सरकारने सुमारे ५० कोटी डॉलरची योजना आखली होती. २०२३ मध्ये लेबर पक्षाचं सरकार आलं आणि ती रक्कम निम्म्यावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अल्टिमोचे दरवाजे कामासाठी बंद झाले.

विरोधकांना धास्ती अशी की भिंती राहतील, पण आतलं संग्रहालय जाईल. म्हणजे कायमस्वरूपी मांडलेली यंत्रं हटवून तात्पुरती प्रदर्शनं, समारंभ, भाड्याने देता येणारी मोकळी दालनं. पॅरामॅटाची इमारतही सात प्रचंड प्रदर्शन-दालनं अशीच कल्पून बांधली आहे. समर्थक म्हणतात, आजचा प्रेक्षक तीच वस्तू तीस वर्षं बघायला येत नाही. खरं असेल. पण बापाने लहानपणी पाहिलेलं चाक मुलाला दाखवायला येणारा माणूसही प्रेक्षकच असतो, त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं?

सरकारला असं संग्रहालय हलवायचा अधिकार आहे का?

आहे. ही राज्याची संस्था आहे, १९४५ च्या कायद्याखाली विश्वस्त मंडळ तिचा कारभार बघतं, मंडळ मंत्र्याला जबाबदार. म्हणून लढाई अधिकाराची कमी आणि शहाणपणाची जास्त होती.

दुसऱ्या देशांत संग्रहालयं अशी शहर बदलतात का?

बदलतात, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी रुसतं. इंग्लंडचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय २००१ पासून प्रेस्टनमध्ये होतं, आणि तेही फुटबॉल लीग पहिल्याच मोसमात, १८८८-८९ मध्ये, जिंकणाऱ्या क्लबच्या मैदानाला लागून. पैशाची ओढाताण झाली, २०१० मध्ये ते बंद झालं आणि जुलै २०१२ मध्ये मँचेस्टरला उघडलं. प्रेस्टनला ते लागायचं ते लागलंच.

फ्रान्सने लोककला आणि लोकजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय पॅरिसमध्ये २००५ साली बंद केलं आणि तो संग्रह मार्सेला नेला. तिथे २०१३ मध्ये ‘म्युसेम’ उभं राहिलं, लोकांनी गर्दीही केली. पण मार्सेत त्यांनी जुनंच संग्रहालय नव्या पत्त्यावर मांडलं नाही. विषयच बदलला, फ्रान्सच्या खेड्यांऐवजी सगळा भूमध्य समुद्र कवेत घेतला. पॅरामॅटाच्या बाबतीत हा विचार आधी झाला असता तर अल्टिमोच्या वस्तूंवरून इतकी वर्षं गेली नसती.

आत्ता सिडनीला गेलो तर काय बघायला मिळेल?

पॅरामॅटाची पांढरी, पोलादी जाळीदार इमारत नदीकाठून सहज दिसते. उघडण्याच्या आधीच्या तारखा एकामागून एक मागे पडल्या आणि २०२६ हे साल सांगितलं गेलं, तेव्हा निघण्याआधी दारं उघडी आहेत ना हे तपासा. अल्टिमोचंही तसंच. संग्रहालयाचं कोठार कॅसल हिलला आहे. तिथे लोकांना आत सोडतात त्या दिवशी फडताळांवर रचलेल्या वस्तूंची गर्दी बघायला मिळते. लहान मुलं बरोबर असतील तर मी आधी तिथेच जाईन.